डॉक्टरांना कंपन्यांकडून किती पैसा जातो आणि त्यात बाई-पुरुष फरक कसा शोधायचा: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

मी अकरा वर्षं एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी. हेडक्वार्टर जळगाव, एक्स-स्टेशनला (म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत) भुसावळ, अमळनेर, चोपडा, आणि महिन्यातून एकदा आऊटस्टेशन म्हणजे धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार असा फेरा. आता ती लाईन सोडली, धुळ्यात राहतो आणि फार्मसीच्या पोरापोरींना प्रोजेक्टला मदत करतो. माझी भाची फार्म डी करते, तिने गेल्या उन्हाळ्यात विचारलं की मामा, अमेरिकेत डॉक्टरांना कंपनी किती पैसे देते ते सगळं नावानिशी उघड असतं म्हणे, आणि बायकांना कमी मिळतं म्हणे, हे खरं आहे का आणि कसं बघायचं. मग आम्ही दोघं बसलो, दुपारी बाहेर ४४ डिग्री, कूलरसमोर लॅपटॉप, आणि जवळजवळ तीन आठवडे ते खटलं चाललं. त्यात जिथे जिथे अडखळलो ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे इंटर्न असो, फार्मसीचं पोरगं असो, पब्लिक हेल्थवालं असो की पेपरात लिहिणारं कोणी, तुमचे ते तीन आठवडे वाचतील.

एक आधीच सांगून ठेवतो. हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही. कंपनीने कोणत्या डॉक्टरला बोलवायचं याच्या याद्या मी स्वतः बनवल्यात. ते पुढे येईलच.

पायरी १: "पैसा" म्हणजे नक्की काय ते आधी समजून घ्या

आपल्याकडे "कंपनी डॉक्टरला पैसे देते" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पाकीट येतं नाहीतर बँकॉकची ट्रिप. अमेरिकेच्या रेकॉर्डमध्ये त्यापेक्षा खूप जास्त गोष्टी येतात. तिथे २०१० साली जो मोठा आरोग्य कायदा झाला त्यातच सनशाइन ॲक्ट नावाचा भाग होता, चक ग्रासली आणि हर्ब कोल या दोन सिनेटरांनी तो लावून धरला होता. त्यानुसार औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरला जे काही दिलं ते सरकारला कळवायचं. ऑगस्ट २०१३ पासूनची माहिती गोळा व्हायला लागली आणि ३० सप्टेंबर २०१४ ला पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिथलं सीएमएस नावाचं सरकारी खातं हे चालवतं, डेटाबेसचं नाव ओपन पेमेंट्स. त्याच्याही आधी, २०१० मध्येच, प्रोपब्लिका या पत्रकार संस्थेने काही कंपन्यांची जाहीर झालेली माहिती एकत्र करून लोकांना शोधता येईल अशी मांडली होती.

यात तीन मोठे कप्पे आहेत. पहिला जनरल पेमेंट्स: जेवण, प्रवास, हॉटेल, गिफ्ट, शिक्षणाचं साहित्य, लेक्चरचं मानधन, कन्सल्टिंग फी, रॉयल्टी. दुसरा रिसर्च पेमेंट्स, म्हणजे क्लिनिकल ट्रायलचा पैसा, तो बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या किंवा संस्थेच्या नावावर जातो आणि डॉक्टरचं नाव मुख्य संशोधक म्हणून लागतं. तिसरा ओनरशिप, म्हणजे कंपनीत डॉक्टरचा किंवा त्याच्या घरच्यांचा हिस्सा असेल तर. नवख्याने पहिल्या कप्प्यापासूनच सुरुवात करावी. रिसर्चचा पैसा जनरलमध्ये मिसळलात तर सगळं बिघडलंच समजा, ट्रायलचे लाखो डॉलर काही डॉक्टरच्या खिशात जात नसतात.

आणि छोट्यात छोटी गोष्टही धरतात बरं का. सुरुवातीला नियम असा होता की १० डॉलरच्या आतलं एखादं देणं सोडून द्यायचं, पण वर्षभराची बेरीज १०० डॉलरच्या वर गेली तर तेही सांगायचं, नंतर महागाईप्रमाणे हे आकडे दरवर्षी थोडे वाढत गेले. म्हणजे क्लिनिकमध्ये नेऊन दिलेलं सँडविचसुद्धा त्यात आहे. २०२१ पासून नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट वगैरे लोकही आत आले, त्यामुळे २०२० आणि २०२१ ची नुसती तुलना करू नका, आधी फक्त डॉक्टर गाळून घ्या. माझ्या भाचीने हे केलं नव्हतं आणि तिला एकदम वाटलं की बायकांचं प्रमाण एका वर्षात वाढलं, दोन दिवस आम्ही खूश होतो, मग लक्षात आलं की नर्स प्रॅक्टिशनरमध्ये बायकाच जास्त असतात, फरक त्याचा होता.

पायरी २: फाईल उतरवा, पण पूर्ण नको

बहुतेक वर्षांच्या जनरल पेमेंट्सच्या फाईलमध्ये एक कोटीपेक्षा जास्त ओळी असतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात, त्याच्यापुढे ते काहीच दाखवत नाही. नवखी पोरं काय करतात, फाईल एक्सेलमध्ये उघडतात, ती अर्धवट उघडते, वर एक सूचना येते ती कोणी वाचत नाही, आणि मग त्याच अर्धवट तुकड्यावर अख्खा प्रोजेक्ट होतो. हे मी तीन वेळा पाहिलंय.

त्यामुळे साईटवरच फिल्टर लावा. एक वर्ष, एक छोटं राज्य (वायोमिंग किंवा व्हरमाँट घ्या, तिथे लोकवस्तीच कमी आहे), एक स्पेशालिटी. ती छोटी फाईल उतरवून आधी नुसती वाचा. पन्नास ओळी डोळ्यांनी वाचा. कोणती कंपनी, कोणतं औषध, किती डॉलर, कशासाठी. हे वाचताना जे कळतं ते कुठल्याही चार्टवरून कळत नाही. नंतर पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल तर गूगल कोलॅब या साईटवर अख्खी फाईल तुकड्या-तुकड्याने चालवता येते, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही भागतं.

पायरी ३: बाई की पुरुष, हे त्या फाईलमध्ये नाहीच

इथे सगळे थबकतात. ओपन पेमेंट्समध्ये जेंडरचा कॉलमच नाही. नाव आहे, पत्ता आहे, स्पेशालिटी आहे, पण बाई की पुरुष ते नाही. मग पोरं नावावरून अंदाज करतात, आणि ते करू नका. आपल्याकडे किरण म्हणजे बाई की बुवा? जळगावात शीतल नावाचे दोन जैन डॉक्टर मला माहीत होते, दोघंही पुरुष, आणि शीतल नावाची एक डेंटिस्ट ताई. अमेरिकेतही किम, लेस्ली, जॉर्डन अशी नावं दोन्हीकडे चालतात, आणि तिथे भारतीय, चिनी, नायजेरियन डॉक्टर भरपूर, त्यांच्या नावांवर तर मशीनचा अंदाज हमखास चुकतो.

खरा रस्ता असा. अमेरिकेत प्रत्येक डॉक्टरला दहा आकडी एनपीआय नंबर असतो, आणि त्या नंबरांचं सरकारी रजिस्टर आहे, एनपीपीईएस म्हणतात, तेही फुकट उतरवता येतं. त्यात डॉक्टरने स्वतः भरलेलं जेंडर असतं. ओपन पेमेंट्सच्या आत्ताच्या फाईलमध्ये एनपीआयचा कॉलम आहे, तो धरून दोन्ही जोडा. ज्या ओळींत नंबर नसेल तिथे नाव आणि पिनकोड मिळून जोडावं लागतं, ते काम किचकट आहे आणि जे जुळत नाहीत ते किती राहिले हे रिपोर्टमध्ये लिहायचं, लपवायचं नाही. शिवाय मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याची, डॉक्टरांची वेगळी फाईल आहे, त्यात मेडिकल कॉलेजमधून पास होण्याचं वर्षसुद्धा असतं. ते घ्याच. अनुभवाचा हिशोब त्याच्याशिवाय होत नाही, आणि पुढे कोणीतरी विचारणारच की बायका वयाने लहान असतील म्हणून कमी मिळत असेल, तेव्हा उत्तर हाताशी पाहिजे.

पायरी ४: शून्यवाले विसरू नका

ही छोटी पायरी आहे पण इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकीचं. ओपन पेमेंट्समध्ये फक्त ज्यांना काहीतरी मिळालं तेच डॉक्टर आहेत. ज्याला एक रुपयाही नाही मिळाला तो फाईलमध्ये नाहीच. म्हणजे "बायकांना सरासरी किती" हे तुम्ही फक्त त्या फाईलवरून काढलंत तर ज्या बायकांना कोणी विचारलंच नाही त्या हिशोबातूनच गेल्या. म्हणून आधी रजिस्टरवरून एकूण डॉक्टर किती ते काढा, मग दोन वेगळे प्रश्न करा: किती टक्क्यांना काहीतरी मिळालं? आणि ज्यांना मिळालं त्यांना किती? दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा.

पायरी ५: आता खरा हिशोब, आणि इथे घाई करू नका

सगळ्या पुरुष डॉक्टरांची सरासरी आणि सगळ्या बाई डॉक्टरांची सरासरी काढलीत तर फरक प्रचंड दिसेल आणि तुम्हाला वाटेल झालं काम. नाही झालं. एक बनवलेलं उदाहरण देतो. समजा एका गावात १०० हाडांचे डॉक्टर, त्यात ९४ पुरुष ६ बायका, आणि १०० बालरोगतज्ज्ञ, त्यात ४० पुरुष ६० बायका. हाडांच्या प्रत्येक डॉक्टरला १००० डॉलर मिळतात, बालरोगवाल्या प्रत्येकाला १००, बाई असो की पुरुष, अगदी बरोबरीने. आता एकूण सरासरी काढा: पुरुषांची येते ७३१, बायकांची १८२. चारपट फरक, आणि एकाही स्पेशालिटीत एका पैशाचाही भेद नाही.

उदाहरण बनवलेलं असलं तरी हवेतलं नाही. अमेरिकेत हाडांच्या सर्जनमध्ये बायका खरोखर शंभरात सहा-सातच आहेत आणि बालरोगमध्ये निम्म्याहून बऱ्याच जास्त. आणि कंपन्यांचा मोठा पैसा हाडांकडेच जातो, कारण तिथे इम्प्लांट असतात, स्क्रू-प्लेट-जॉइंट, त्यांच्या डिझाईनमध्ये हात असलेल्या सर्जनला रॉयल्टी मिळते. म्हणून तुलना करायची ती स्पेशालिटीच्या आत. सर्जन बाई विरुद्ध सर्जन पुरुष, हार्टची डॉक्टर विरुद्ध हार्टचा डॉक्टर.

पण याचा उलटा फायदा घेणारेही भेटतात, ते म्हणतात बघा, सगळा फरक स्पेशालिटीचा, विषय संपला. नाही संपत. हाडांच्या वॉर्डात बायका सहाच का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. आणि स्पेशालिटीच्या आत बघितलं तरी फरक राहतोच. २०१७ साली जामा या जर्नलमध्ये २०१५ च्या डेटावर केलेला मोठा अभ्यास आला, ९ लाख ३३ हजारांवर डॉक्टर धरलेले, त्यातल्या जवळपास ४८ टक्क्यांना त्या वर्षी कंपन्यांकडून काही ना काही गेलं, सगळं मिळून २४० कोटी डॉलर. त्यात सर्जरीवाल्यांमध्ये जनरल पेमेंट मिळालेले पुरुष ६२.५ टक्के, बायका ५६.५. फॅमिली डॉक्टर वगैरे प्रायमरी केअरमध्ये ५०.९ आणि ४३. आणि सगळ्यात मोठी दरी कुठे, तर जे कॅथेटर-स्टेंट-स्कोपवालं काम करतात त्या गटात, ५८.१ आणि ४०.७.

माझ्या भाचीने हे आकडे वहीत लिहून घेतले आणि मला विचारलं, मामा, सहा टक्के आठ टक्के म्हणजे काही फार नाही ना? तेव्हा मी तिला पुढची गोष्ट दाखवली, जी मला या अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाची वाटते. "कशासाठी दिलं" तो कॉलम उघडा आणि त्यावर गट पाडा. ओळी मोजल्यात तर जवळजवळ सगळा डेटा म्हणजे जेवण. डॉलर मोजलेत तर जेवणाचा वाटा छोटा, आणि रॉयल्टी, लेक्चरचं मानधन, कन्सल्टिंग यांचा भलामोठा. जेवण सगळ्यांना मिळतं हो. एमआर क्लिनिकमध्ये डबे घेऊन जातो तेव्हा बाई-पुरुष बघत नाही, जो बसला त्याने खाल्लं. "मिळालं की नाही मिळालं" हा आकडा जेवणानेच भरलेला असतो, म्हणून तिथे दरी लहान दिसते. तुम्ही स्टेजवर कोण बोलतं, सल्ला कोणाचा विकत घेतात, डिझाईन कोणाचं, त्या ओळी वेगळ्या काढा आणि मग बघा बायकांची नावं कशी विरळ होत जातात. मोठ्या कंपन्यांकडून सगळ्यात जास्त पैसे घेणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांची यादी काढलीत तर त्यात बाईचं नाव शोधावं लागतं.

म्हणून प्रोजेक्टमध्ये एकच टेबल देऊ नका. निदान तीन द्या: जेवण-प्रवास, मानधन-कन्सल्टिंग, रॉयल्टी.

पायरी ६: सरासरी की मध्यक

दहा डॉक्टर, नऊ जणांना १०० डॉलर, एकाला ५०,०००. सरासरी ५,०९०, मध्यक (सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधला येतो तो) १००. सरासरी म्हणते सगळे मजेत आहेत. कंपनीच्या पैशात हे असंच असतं, थोड्यांकडे खूप. त्यामुळे मध्यक द्या, वरचे पाच टक्के आणि वरचा एक टक्का वेगळा द्या, आणि त्या वरच्या टोकात बायका किती ते लिहा. ज्यांना रिग्रेशन येतं त्यांनी रकमेचा लॉग घ्यावा, आणि शून्यवाल्यांसाठी आधी मिळालं-नाही मिळालं असं एक मॉडेल, मग रकमेचं दुसरं. येत नसेल तर नका करू. साधी नीट टेबलं चुकीच्या रिग्रेशनपेक्षा कधीही बरी.

पायरी ७: यादी कोण बनवतं

डेटा एवढंच सांगतो की फरक आहे. का आहे ते त्यात लिहिलेलं नसतं, आणि रिपोर्ट लिहिताना तसं प्रामाणिकपणे म्हणायचं. पण कुठे बघायचं ते मी सांगू शकतो, कारण मी त्या टोकाला बसलेलो होतो. अमेरिकेतली लाईन मी पाहिलेली नाही, हे सगळं आपल्या खान्देशातलं आहे.

एमआरकडे डॉक्टर लिस्ट असते. त्यात कोअर डॉक्टर, म्हणजे महिन्यात तीन वेळा भेटायचे, बाकीचे दोन नाहीतर एक. कोण कोअर हे ठरतं पेशंट किती आणि प्रिस्क्रिप्शन किती यावर, त्यासाठी आम्ही मेडिकलवर जाऊन विचारपूस करायचो, आरसीपीए म्हणतात त्याला. मग त्या लिस्टमधून मॅनेजर वर नावं पाठवतो की याला स्पीकर करू, याला ॲडव्हायझरी मीटिंगला बोलावू. म्हणजे स्टेजवर कोण बसणार याची सुरुवात चोपड्याच्या नाहीतर शहाद्याच्या एका मेडिकल काउंटरवर होते.

आता यात बाई कुठे गळते बघा. आपल्याकडे कितीतरी हॉस्पिटलं नवरा-बायकोची असतात. खाली सर्जन भाऊ, वर स्त्रीरोगवाल्या मॅडम, किंवा दोघंही एमडी. माझ्या लिस्टमध्ये अशी जोडपी बरीच होती आणि बहुतेकांचं कार्ड एकच, सरांच्या नावाचं. मॅडमचे पेशंट, मॅडमची प्रिस्क्रिप्शनं, सगळं सरांच्या खात्यात धरलेलं. मी आलो तेव्हापासून तसंच होतं, मीही बदललं नाही. एका तालुक्याच्या गावात एक एमडी मेडिसिन मॅडम होत्या, डायबिटीसचं त्यांचं काम इतकं नीट की आजूबाजूच्या वीस गावांतले पेशंट यायचे, केळी भरायच्या सीझनला मजूर रात्री आठला येऊन बसायचे आणि मॅडम बघायच्या. आमच्या कंपनीला डायबिटीसच्या सीएमईसाठी (डॉक्टरांसाठीचा शिक्षणाचा कार्यक्रम) लोकल स्पीकर हवा होता. मी सरांचं, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याचं, नाव पाठवलं. सर सर्जन होते! डायबिटिक फूटवर बोलतील असं मॅनेजरला सांगितलं आणि ते मंजूरही झालं. मॅडम त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि प्रश्नोत्तरात पेशंटच्या डोसबद्दल विचारलं तेव्हा सरांनी माईक त्यांच्याकडे दिला. मानधनाचा चेक सरांच्या नावाने निघाला. तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं, आज वाटतं, आणि खूप वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्या मीटिंगा रात्री साडेआठला सुरू, जेवण दहा-साडेदहाला. लेबर रूम सांभाळणारी, घरी पोरांचा अभ्यास आणि सासूबाईंच्या गोळ्या बघणारी डॉक्टर अमळनेरहून जळगावला रात्री गाडी काढून येणार आणि बाराला परतणार? काही जणी यायच्या. बऱ्याच नाही यायच्या, आणि मग आम्ही डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या भेटींच्या रिपोर्टमध्ये, लिहायचो "इंटरेस्ट नाही". हे दोन शब्द लिहिले की ते नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून जायचं. तिसरं म्हणजे आमच्यातच मुली फार कमी होत्या, बहुतेक एमआर पोरं, मॅनेजर पुरुष, आणि ओळख वाढते ती ओपीडी संपल्यावर चहाला, टपरीवर, गाडीत. तिथे सर भेटतात, मॅडम नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये "महिला डॉक्टर उत्सुक नसतात" असं वाक्य कोणी लिहायला सांगितलं तर लिहू नका. काही डॉक्टर, बायकाही पुरुषही, तत्त्व म्हणून कंपनीचं काही घेत नाहीत आणि तो त्यांचा मोठेपणा आहे, पण न विचारलेली आणि नकार दिलेली यातला फरक डेटाला कळत नाही, तुम्हाला कळला पाहिजे.

पायरी ८: "कमी पैसे मिळाले तर चांगलंच की"

हे तुम्हाला प्रत्येक सादरीकरणात कोणीतरी म्हणेल. आणि त्यात दम आहे, म्हणून टाळू नका. २०१६ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये २ लाख ७९ हजारांवर अमेरिकन डॉक्टरांचा अभ्यास आला होता. कंपनीकडून एक जेवण, तेही बहुधा २० डॉलरच्या आतलं, घेतलेले डॉक्टर त्याच कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त लिहिताना दिसले, आणि जेवणं जास्त तसं प्रमाण वाढत गेलं. तो अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, तरी अकरा वर्षं लिस्ट घेऊन फिरलेल्या माणसाला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मग बायकांना जास्त जेवणं द्या अशी मागणी करायची का? मी तरी करणार नाही. जेवण-गिफ्ट सगळ्यांचंच कमी व्हावं. पण सल्ल्याचा पैसा, लेक्चर, उपकरणाचं डिझाईन, ट्रायल ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पैशाबरोबर बोलायची जागा मिळते. ऑपरेशनचं हत्यार कोणत्या हाताच्या मापाचं बनेल, औषधाच्या कार्यक्रमात कोणत्या पेशंटचा प्रश्न आधी येईल, हे त्या टेबलावर ठरतं. पाळी गेलेल्या बाईच्या शुगरबद्दल त्या तालुक्यातल्या मॅडमना जेवढं माहीत होतं तेवढं आमच्या एकाही स्पीकरला नव्हतं, आणि तो विषय आमच्या एकाही सीएमईत कधी आला नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये हे दोन पैसे वेगळे ठेवा, म्हणजे या प्रश्नाला उत्तर आपोआप तयार राहील.

पायरी ९: आपल्याकडे काय करता येईल

आपल्याकडे ओपन पेमेंट्ससारखी, कोणालाही डॉक्टरचं नाव टाकून शोधता येईल अशी यादी नाही. नियम मात्र आहेत. मेडिकल कौन्सिलने २००९ च्या डिसेंबरमध्ये आचारसंहितेत भर घालून डॉक्टरांना कंपनीकडून गिफ्ट, प्रवास, पाहुणचार, रोख घ्यायला मनाई केली. कंपन्यांसाठी यूसीपीएमपी नावाची संहिता आधी २०१५ पासून ऐच्छिक होती, मग १२ मार्च २०२४ ला नवीन आली: डॉक्टर किंवा घरच्यांना गिफ्ट नाही, प्रवास-हॉटेल नाही (डॉक्टर स्वतः स्पीकर असेल तर सोडून), ब्रँडची आठवण म्हणून द्यायची वस्तू १००० रुपयांच्या आतली, एका औषधाची सॅम्पल पाकिटं एका डॉक्टरला वर्षाला १२ पर्यंत, परदेशात सीएमई नाही. लक्ष द्या, स्पीकरला सूट आहे. म्हणजे आता कायदेशीर रस्ता उरला तो स्पीकर आणि कन्सल्टंट होण्याचाच, आणि तिथेच दरी सगळ्यात मोठी असते. यादीचं महत्त्व उलट वाढलं.

टॅक्सची बाजूही आहे. २२ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला टॅक्समध्ये वजा करता येणार नाही. आणि १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर फायदा दिला तर १० टक्के टीडीएस, तेव्हाच्या १९४आर कलमाखाली. हे डॉक्टरच्या स्वतःच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतं, बाहेरच्याला नाही.

मग तुम्ही मोजणार काय? आमंत्रणपत्रिका मोजा. खरंच सांगतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाने डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात रजिस्ट्रेशन रिन्यू करायला, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, सगळीकडे सीएमई होतच असतात आणि त्यांच्या पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरतात. दोन वर्षांच्या जमवा. प्रत्येक पत्रिकेसाठी एक ओळ: तारीख, विषय, वेळ, स्पीकर, चेअरपर्सन, पॅनेल, सूत्रसंचालन, स्वागत, प्रायोजक आहे का. प्रत्येक कामासमोर बाई की पुरुष, आणि इथेही नावावरून ठरवायचं नाही, माहिती काढायची. आम्ही हे थोडंसं करून बघितलं तेव्हा भाचीला पहिली गोष्ट दिसली ती ही की दीपप्रज्वलनाच्या वेळची प्रार्थना आणि सूत्रसंचालन या रकान्यात मॅडमच मॅडम आणि स्पीकरच्या रकान्यात सर. तुमच्या पत्रिकांत काय निघतं ते तुम्ही बघा, आणि स्त्रीरोगवाल्यांच्या पत्रिका वेगळ्या ठेवा नाहीतर पायरी ५ ची चूक पुन्हा होईल. डॉक्टरांची नावं तुमच्या शीटमध्ये असू द्या, रिपोर्टमध्ये टाकू नका. गाव लहान आहे.

त्यानंतर चार-पाच डॉक्टर मॅडमना भेटा. दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, तेव्हा ओपीडी सुटलेली असते, आणि फोन करून जा. पैशाबद्दल पहिलाच प्रश्न टाकू नका, लगेच दार बंद होतं. "शेवटचं लेक्चरला कधी बोलावलं होतं, कोणी बोलावलं, वेळ काय होती, तुम्ही काय म्हणालात" असं विचारा, तारखेसकट. "तुम्हाला आवडेल का" असं विचारू नका, त्याला सगळे हसून नाही म्हणतात.

भाचीने हाच प्रश्न त्या डायबिटीसवाल्या मॅडमना विचारला, मी तिच्याबरोबर गेलो होतो, इतक्या वर्षांनी. मॅडमनी आधी चहा सांगितला, मग थोडा वेळ आठवत बसल्या आणि म्हणाल्या, एकदा बोलावलं होतं ना, यांच्या लेक्चरला, मी प्रश्नांची उत्तरं दिली होती. तारीख त्यांना अचूक आठवत होती. भाचीने ती शीटमध्ये भरली आणि काम या रकान्यापाशी येऊन माझ्याकडे बघितलं, कारण स्पीकर, चेअरपर्सन, पॅनेल यातलं काहीच त्यांना लागू पडत नव्हतं. म्हणून आमच्या शीटमध्ये आता एक रकाना जास्त आहे, "नाव नसताना बोलल्या". तुम्हीही तो ठेवा.